दुष्काळाकडं वळवलेली लेकरं

बंकट सरांचा फोन आला तेव्हा सारजाबाई ओव्हाळ टँकरच्या गर्दीत उभी होती. मार्च महिना होता, पण खडकीदऱ्याच्या विहिरीत तळाचे दगड आत्ताच उघडे पडले होते. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेलेला. एका हातानं घागर सांभाळत तिनं फोन कानाला लावला. सर एवढंच म्हणाले, "सारजाबाई, उद्या धारूरला येऊन जा. फोनवर सांगण्यासारखं नाही."

तिनं घागर खाली ठेवली. "गौतमीला काय झालं का?"

"तिला काही झालं नाही. ती बरी आहे. तुम्ही या."

गौतमी ही सारजाबाईची एकुलती एक लेक. तिचा जन्म ऊसतोडीच्या तळावर झाला होता, सांगलीकडं, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. सारजाबाई आणि तिचा नवरा धर्मराज दरसाल दिवाळी झाली की सहा महिने तोडीला जायचे; यंदा दुष्काळानं ऊसच कमी, म्हणून लवकर माघारी आले होते. जन्मल्यावर पोर रडली नाही. सोबतच्या बायकांनी पाय धरून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा कुठं बारीक हुंकार निघाला. मान धरायला तिनं वर्ष घेतलं, चालायला पाच वर्षं. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, पोरगी वाढेल पण समज लहानच राहील. सारजाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवंल ना? हसंल ना?" बाई म्हणाल्या, हो. "मग झालं," म्हणून ती पोर काखेला मारून घरी आली.

लोकांनी नाही नाही ते सल्ले दिले. एका लांबच्या नातेवाइकानं तर सांगितलं, की परळीच्या स्टेशनावर सोडून दे, गर्दीत कुणीतरी नेईल. सारजाबाई त्याला म्हणाली, "आधी तुला सोडून बघते. कुणी नेलं तर मग हिचं बघू." तो माणूस पुन्हा त्यांच्या दारात आला नाही.

पण उसाच्या फडात हाल व्हायचे. दोघं ऊस तोडत, मोळ्या बांधत, आणि गौतमी बैलगाडीच्या चाकाला लुगड्याच्या पट्टीनं बांधलेली असे. मोकळी सोडली तर ती ट्रॅक्टरपुढं जाऊन बसायची. पुढं धारूरजवळ एका संस्थेची निवासी शाळा निघाली, मतिमंद मुलांसाठी. बंकट सर तिथले मुख्य. नवव्या वर्षी गौतमी तिथं गेली आणि अठरा झाल्यावर त्याच आवारातल्या मोठ्यांच्या कार्यशाळेत राहायला लागली. तिथं ती द्रोण-पत्रावळ्या दाबायच्या मशीनवर बसायची. बोलायची कमी, सगळ्यांना ‘ताई’ म्हणायची, सरांनाही. जेवणाच्या वेळी सगळ्यांची पानं मांडून झाल्याशिवाय ती घास तोंडात घालत नसे. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. सारजाबाई तोडीवरून परत आली की आधी तिथं जायची आणि लेकीला पानं मांडताना लांबून बघत उभी राहायची. पोरगी कुणाला तरी लागते आहे, एवढं बघून तिचं वर्षभराचं अंग मोकळं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं.

"मुंबईत अर्थसंकल्प झाला. अठरा वर्षांवरच्या मुलांच्या कार्यशाळांचं अनुदान थांबवलंय. लहानांची शाळा चालू राहील. मोठ्यांना महिनाअखेर घरी पाठवा म्हणून वरून आलंय."

"वरून म्हंजी कुठून?"

"शासनाकडून."

"कावून थांबवलं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "दुष्काळ आहे ना. तो निधी दुष्काळ निवारणाकडं वळवला."

"तवा तिथं कुणी म्हणलं का, की ही लेकरं कुठं जातील?"

"तिथं आपल्यातलं कोण असतं, सारजाबाई?"

"आन दुष्काळ निवारण म्हंजी काय काय?"

"टँकर आले. रोजगार हमीची कामं आली. जनावरांच्या छावण्या आल्या."

बंकट सर वाईट माणूस नव्हते. तेरा वर्षं त्यांनी पोरांची नाकं पुसली होती. पण वरून काही आलं की त्यांची मान आपोआप खाली जायची, आणि आताही ती खालीच होती. सारजाबाईनं गौतमीचे कपडे गाठोड्यात बांधले. निघताना गौतमी मशीनजवळ थांबली आणि दाबून झालेल्या पत्रावळ्यांची चवड सरळ करत बसली. ती पूर्ण सरळ होईपर्यंत आई दारात उभी राहिली.

घरी आल्यावर गौतमीला काहीच समजेना. जेवायच्या वेळी ती घरातली होती नव्हती तेवढी भांडी मांडायची, दारात जाऊन उभी राहायची, मग आईकडं बघून म्हणायची, "ताई? ताई कुठं?" तिथले सगळे तिला जेवायला हवे होते. सारजाबाई रोजगार हमीच्या पाझर तलावावर कामाला जायची, ते बंद झालं. पोरीला सोडून जाता येईना. एकदा जरा डोळा चुकवून गौतमी धारूरच्या रस्त्याला लागली आणि उन्हात मैलभर गेल्यावर सापडली, पायांना फोड आलेले.

त्याच आठवड्यात सारजाबाई शेजारच्या वस्तीवर जाईबाईकडं गेली. जाईबाईचं घर शेतकऱ्याचं, चार एकर कोरडवाहू, पण तीही माणसं तोडीला जायची. तिचा शहादेव गौतमीबरोबरच कार्यशाळेत होता. सत्ताविशीतला, अंगानं पैलवान, मनानं तीन वर्षांचं पोर. गाडी दिसली की तिच्यामागं धावायचा.

शहादेव लिंबाखाली बसला होता. त्याच्या कमरेला दोर होता आणि दोराचं टोक खोडाला.

जाईबाईनं सारजाबाईला बघून पदर तोंडाला लावला. "काय करू, आक्का? काल ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचला. मालक टँकरकडं गेल्यात, मला सरपण आणायचं व्हतं."

सारजाबाईनं दोर हातात घेतला. जाड, तेलकट, मध्ये झिजलेला. "हा दोर कशाचा?"

"बैलाचा."

"आन बैल?"

"बैल छावणीत हायत. दूध संस्थेच्या."

सारजाबाई बराच वेळ तो दोर चाचपत राहिली. मग खाली बसून तिनं शहादेवच्या कमरेची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, तिची नखं दुखली.

"जाईबाई," ती म्हणाली, "सर काय म्हणले म्हाईत हाय का? आपल्या लेकरांचं जे व्हतं ते सरकारनं छावणीला दिलं. तुझा बैल तिथं सावलीत उभा राहून उसाचं वाढं खायलाय, आन तुझं लेकरू इथं त्याच्या दोरानं बांधलंय. माझ्या लेकीला मी बी बांधलंय गाडीला. तवा आपल्याला कुणी काय दिलंच नव्हतं. आता दिलं आन काढून घेतलं. मी न्हाई बांधणार."

"मग काय करतीस?"

"जिथं त्यांचं गेलं तिथं त्यांना घेऊन जाते."

सकाळी त्या छावणीत गेल्या. सारजाबाई, जाईबाई आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या आणखी चार-पाच आया. सगळ्यांची लेकरं कार्यशाळेतून घरी आलेली. छावणी गावाबाहेर होती, दूध उत्पादक सहकारी संस्थेच्या पडीक जागेत. बांबूंवर हिरवी जाळी ताणलेली, तिच्याखाली जनावरांच्या रांगा, सिमेंटच्या हौदात टँकरचं पाणी. ट्रॉलीतून उसाचं वाढं उतरत होतं. दारातल्या टेबलाशी संस्थेचे चेअरमन आबासाहेब स्वतः बसले होते. आलेल्या जनावराच्या कानाला बिल्ला ठोकायचा, मालकाचं नाव लिहायचं, असं चाललं होतं.

सारजाबाई टेबलाशी गेली. "आबासाहेब, नोंद करा."

"काय आणलंय? शेरडं असतील तर घेता येत नाहीत. मोठी जनावरं फक्त."

"गौतमी धर्मराज ओव्हाळ. मोठी हाय. बावीस वर्षांची."

आबासाहेबांनी मान वर केली. बायकांच्या मागं ती सगळी उभी होती. गौतमीनं शहादेवचा हात धरला होता. एक मुलगी घाबरून आईच्या पदरात शिरली होती. आबासाहेब आधी हसले, मग हसू तोंडातच राहिलं. "सारजाबाई, काय बोलायलात? ही जनावरांची छावणी हाय."

"म्हाईत हाय. सरकारनं आमच्या लेकरांचं अनुदान दुष्काळाकडं वळवलं. दुष्काळ इथं हाय. मग लेकरं बी इथंच वळवली आमी."

"अवो, पण माणसाला का दावणीला बांधायचं?"

"बांधलं व्हतं कालपर्यंत. आता सोडून आणलंय. बिल्ला ठोकू नका, नाव तेवढं लिव्हा. सावली, पाणी आन दोन टाइम खायला. जनावराला देता तेवढंच. जास्त मागत न्हाई."

आबासाहेबांनी नाव लिहिलं नाही. पण बायकांना हुसकावून लावायचीही त्यांची हिंमत झाली नाही, कारण जाईबाई सभासदाची बायको होती आणि भोवती माणसं जमली होती. टोकाची एक जाळी रिकामी होती. त्या तिथं जाऊन बसल्या. गोणपाट अंथरलं, तीन दगडांची चूल मांडली. दुपार व्हायच्या आत गौतमीनं शेजारच्या रांगेतला सांडलेला पाला गोळा करून एका बाजूला चवड लावून ठेवला होता.

धर्मराज संध्याकाळी आला. तो मुळात कमी बोलणारा. बाजूला उकिडवा बसला आणि म्हणाला, "घरी चल. गाव नाव ठेवायलंय."

"ठेवू द्या. आपल्या लेकीचं नाव कुणी लिव्हून घेईना, त्याचं बघा आधी."

तो उठून गेला. तिला वाटलं रागावला. तासाभरानं तो घरून घागर, तवा आणि पिठाचा डबा घेऊन परत आला आणि चुलीला दगड नीट लावायला बसला.

गाव नाव ठेवत होतं, ते तिला सोसलं. पण तिच्या स्वतःच्या वस्तीतून, बौद्धवाड्यातून, धर्मराजचे चुलते मोहनराव येऊन जे बोलले ते तिला लागलं. मोहनराव निवृत्त शिक्षक, विहारात वंदना घेणारे. ते उभ्यानंच म्हणाले, "बाबासाहेबांनी आपल्याला माणसात आणलं, सारजा. आन तू आपली लेक जनावरांत आणून बसवलीस. आपल्या आज्या-पणज्यांनी सोसलं ते कमी व्हतं का?"

सारजाबाईचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "मामंजी, ती माणूस हाय म्हून आणलंय. जनावर असती तर तिची नोंद कवाच झाली असती. तुमीच सांगा, मी घरात लपवून ठेवली तर ती माणसात राहती का?"

मोहनराव माघारी वळले. जाताना गौतमीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

खरी कसोटी पुढंच होती. छावणीची तपासणी करायला तहसीलदार आले. तरुण अधिकारी, कामाचा माणूस, दिवसभर उन्हात गावं फिरून वैतागलेला. जनावरं मोजत मोजत ते टोकाच्या जाळीशी आले आणि थांबले. "हे काय आहे?"

आबासाहेब घाईनं पुढं आले. "साहेब, ऐकत न्हाईत बाया."

तहसीलदारांनी सारजाबाईला सांगितलं, की तुमची मागणी रास्त असेल, तर तुम्ही अर्ज द्या, मी पुढं पाठवतो. पण इथं बसता येणार नाही.

"अर्ज द्यायला कुठं बसू, साहेब? लेकीला कुणाच्या हवाली करून येऊ?"

"ते मी कसं सांगणार? हे माझं खातं नाही."

"छावणी तुमचं खातं हाय ना? मग आमी छावणीत हाव. तुमच्याच खात्यात आलो."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तहसीलदारांचा चेहरा लाल झाला. ते आबासाहेबांकडं वळून म्हणाले, "छावणीत माणसं ठेवलीत तर ती नियमबाह्य ठरते. परवापर्यंत जागा मोकळी करा, नाहीतर छावणीची मंजुरी थांबवण्याचा अहवाल मला द्यावा लागेल."

ते ज्या आवाजात बोलले तो सगळ्या रांगांपर्यंत गेला. गाडी निघून गेली आणि शेतकरी टोकाच्या जाळीभोवती जमा झाले. कुणाची दोन जनावरं, कुणाची पाच. छावणी बंद झाली तर बाजारात कसायाला द्यायची, दुसरी वाट नव्हती. आधी समजावणं झालं, मग आवाज वाढले. एक तरणा गडी म्हणाला, "सरकारचं फुकट खायची सवय लागलीय ह्यांना."

सारजाबाई उठली. "फुकट? मी बारा वर्षांची असल्यापासून ऊस तोडते, भाऊ. तू सकाळी च्या पेलास, त्यातली साखर कुणी तोडली? मी आजवर सरकारला एकच गोष्ट मागितली. माझ्या लेकीला दिवसा काम आन रात्री छप्पर. तेवढंच व्हतं, ते बी घेतलं."

"ते आमी घेतलं का?"

"न्हाई. पण तुमाला देतो म्हून घेतलं. तुमच्या नावावर घेतलं. तुमाला इचारलं व्हतं का कुणी?"

तरी गर्दी हलेना. सारजाबाईनं बायकांकडं पाहिलं. एकीनं गोणपाट गुंडाळायला घेतलं होतं. तिला वाटलं, संपलं.

तेव्हा जाईबाई उभी राहिली. एवढ्या पुरुषांत ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "आमचे दोन बैल हायत इथं. तिसऱ्या रांगेत. छावणी बंद झाली तर माझं बी घर बसंल. तरी मी उठत न्हाई. बैल गेला तर पुन्हा घेता यील. ह्याला मी पुन्हा दोर लावणार न्हाई."

मागच्या बाजूला त्रिंबक नावाचा एक म्हातारा शेतकरी उभा होता. दोन म्हशींचा धनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो गर्दीतून निघून गेला. हळूहळू बाकीचेही पांगले. निर्णय कसलाच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबक परत आला तेव्हा त्याच्याबरोबर एक माणूस होता. पन्नाशीचा, दाढी पिकलेली, ऊन डोळ्यांना सोसेना म्हणून हात कपाळावर धरलेला. चालताना तो प्रत्येक पाऊल विचारून टाकल्यासारखं टाकत होता. गावात कुणीच त्याला ओळखत नव्हतं.

त्रिंबक सारजाबाईपुढं येऊन थांबला. "हा सटवा. माझा धाकटा भाऊ. आई मेल्यापासून गोठ्यामागच्या सपरात असतो. लोक काय म्हणतील म्हून आमी सांगितलं न्हाई कुणाला. बसू दे ह्याला बी."

सारजाबाई बाजूला सरकली. गौतमीनं सटवाकडं नीट निरखून पाहिलं आणि त्याच्यापुढं एक ताटली आणून मांडली.

त्या दिवसापासून जाळीतली माणसं कमी व्हायच्याऐवजी वाढत गेली. एका शेतकऱ्यानं नात आणली, कुणी दूरच्या गावाहून मेव्हण्याला आणलं. त्या दिवशी ओरडणारा तरणा गडी तिसऱ्या दिवशी आला आणि त्यानं आपल्या बहिणीचा विषय काढला. ती लग्नानंतर माघारी आली होती; तिचीही समज लहानच, पण घरातले ते सांगत नव्हते. तहसीलदारांनी दिलेली मुदत आली तेव्हा आबासाहेबांना जागा मोकळी करणं जमेना. ज्यांची जनावरं छावणीत होती, त्यांचीच माणसं आता जाळीत बसली होती. आबासाहेबांनी तालुक्याला फोन लावला आणि म्हणाले, "साहेब, बंद करायची तर तुमीच येऊन करा. मला उद्या ह्याच लोकांत मतं मागायचीत."

तहसीलदार आले नाहीत. त्यांनी अहवाल पाठवला. त्यात काय लिहिलं ते गावाला कळलं नाही, पण छावणी चालू राहिली.

चौदा एप्रिल आला. दुष्काळ असल्यामुळं जयंतीची मिरवणूक साधीच काढायची असं बौद्धवाड्यात ठरलं होतं. दुपारी सारजाबाईला लांबून ढोलकीचा आवाज आला. तिला वाटलं, विहाराकडं चाललेत. पण आवाज जवळ येत गेला. निळे झेंडे धारूरच्या रस्त्यानं वळून सरळ छावणीच्या दारात आले. पुढं मोहनराव होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हातात तसबीर. मागच्या पोरांच्या खांद्यावर खिरीचं पातेलं. मोहनरावांनी तसबीर टोकाच्या जाळीत एका खुर्चीवर ठेवली, हार घातला, आणि तिथंच वंदना घेतली. जनावरांची माणसंही येऊन उभी राहिली, आधी लांब, मग जवळ. त्रिंबकनं टोपी काढून हातात घेतली होती.

जेवायची वेळ झाली. कुणीतरी पत्रावळ्यांचा गठ्ठा गौतमीच्या हातात दिला. ती उठली आणि मांडायला लागली. एका रांगेत, ओळ न चुकवता, बसलेल्या प्रत्येकापुढं. माणूस कोण, कुठल्या जातीचा, कुणाच्या जाळीतला, हे तिनं पाहिलं नाही. मध्ये एक म्हैस बसली होती, गौतमीनं तिच्यापुढंही मांडली. लोक हसले, तीही हसली. बीडच्या एका दैनिकाचा वार्ताहर जयंतीच्या बातम्या गोळा करत आला होता. त्यानं तेवढ्यात फोटो काढला.

फोटो पहिल्या पानावर आला, आणि मग मुंबईच्या पेपरांतही. गाड्या येऊ लागल्या. कुणी बिस्किटांचे पुडे आणले, कुणी साड्या. सारजाबाई पुडे घ्यायची, साड्या परत करायची आणि प्रत्येकाला एकच विचारायची, "कार्यशाळा कवा उघडता?" एका पुढाऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटोसाठी उभं राहायला सांगितलं. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "लेकरांसोबत काढा. पण काढल्यावर घंटाभर त्यांच्यासोबत बसा बी." तो बसला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर विधानसभेत या विषयावर प्रश्न विचारला गेला म्हणतात. मग पुरवणी मागण्यांत मोठ्यांच्या कार्यशाळांचं अनुदान परत आलं. बातमी घेऊन तहसीलदारच आले. आबासाहेबांनी छोटासा कार्यक्रम ठेवला. माईक आणला, नारळ आणला, आणि सारजाबाईला पुढं बोलावून सांगितलं, की शासनाचे आभार माना.

तिनं माईक हातात घेतला नाही. तिचा आवाज तसाही पोचत होता.

"आभार कशाचे, आबासाहेब? आमचंच व्हतं, ते माघारी आलं. साहेब, सगळं आलं का?"

तहसीलदार अवघडले. ते खोटं बोलणारे नव्हते. "दिवसाचं आलं आहे. सकाळी न्यायचं, संध्याकाळी घरी. निवासाची तरतूद नाही. ते आता धोरणात बसत नाही."

"दिवाळीनंतर आमी सहा महिने तोडीला असतो. संध्याकाळी लेकरं कोणत्या घरी जातील?"

तहसीलदारांनी खाली पाहिलं. "खरं सांगतो, बाई, माझ्याकडं याचं उत्तर नाही."

"मग कार्यक्रम अर्धाच झाला," सारजाबाई म्हणाली. "नारळ अर्धाच फोडा."

लोक हसले, पण ती हसत नव्हती. ती आबासाहेबांकडं वळली. छावणीच्या कडेला संस्थेचं शीतकरण केंद्र होतं, दूधच नसल्यामुळं कुलूप लागलेलं. पक्कं बांधकाम, नळ, फरशी. "ती इमारत कुणाची?"

"संस्थेची."

"म्हंजी सभासदांची. त्रिंबकमामांची, जाईबाईच्या मालकाची. त्यांचीच लेकरं हायत ही. रात्रीला तिथं राहतील."

चारचौघांत आबासाहेबांना नाही म्हणता येईना. "वापरा की. मी कुठं नको म्हणतो."

"तसं नको. तुमी आज चेअरमन, उद्या कुणी दुसरा. सभा बोलवा, ठराव करा. शब्दावर मी माझी लेक ठेवणार न्हाई."

सभा झाली. बायकांना बसायची परवानगी नव्हती, त्या खिडक्यांशी उभ्या राहिल्या. त्रिंबकनं ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. विरोधात दोन हात वर आले होते. सारजाबाईनं खिडकीतून ते कुणाचे ते नीट बघून ठेवलं आणि पुढच्या महिनाभरात दोन्ही घरी जाऊन आली. भांडायला नव्हे. एकाच्या घरी चहा पिऊन आली, दुसऱ्यानं दार उघडलं नाही.

मोठ्यांची कार्यशाळा पुन्हा चालू झाली. बंकट सर स्वतः सायकलवरून रोज संध्याकाळी शीतकरण केंद्रात यायला लागले. ‘वरून आलं तर काय’ असं त्यांना कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "खालूनही काहीतरी येतं, हे मला उशिरा कळलं." तोडीचा हंगाम आला तेव्हा आयांनी आपसात पाळी लावली. दरसाल दोन घरांनी गावात राहायचं, सगळ्यांच्या लेकरांचं रात्रीचं बघायचं, आणि तोडीला गेलेल्यांनी आपल्या कमाईतून त्यांची चूल चालवायची. पहिल्या साली सारजाबाई आणि धर्मराज राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच सारजाबाईनं संपूर्ण हिवाळा स्वतःच्या घरात काढला. सकाळी थंडीत उठून तिला कोयत्याची आठवण यायची, मग हसू यायचं.

सगळं गोड झालं असं नाही. सटवा दुसऱ्या उन्हाळ्यात वारला. त्रिंबकनं त्याचं दिवसकार्य गावजेवण घालून केलं, कुणापासून काही न लपवता. अनुदान पुढंही थांबत राहिलं, कधी तिमाही उशिरा, कधी वर्षभर. तसं झालं की बायका लेकरांना घेऊन तालुक्याच्या कचेरीच्या आवारात जाऊन बसत. आबासाहेबांचं पॅनल निवडणुकीत पडलं. पाऊस झाला, दूध वाढलं, आणि नव्या चेअरमननं इमारत परत मागितली. सारजाबाईनं त्याला ठरावाची आठवण दिली. तो म्हणाला, ठराव बदलता येतो. ती म्हणाली, "बदला. सभेला लेकरं घेऊन येते. त्यांच्यासमोर हात वर करा." सभा बोलावली गेली नाही.

मागल्या वर्षी बीडला पालकांचा एक मेळावा झाला. सारजाबाईचे केस आता पार पांढरे झालेत, एक गुडघा वाकत नाही. पुण्याहून आलेल्या एका भल्या बाईंनी तिला आपुलकीनं विचारलं, "मावशी, तुम्ही एवढं केलंत. पण तुमच्यानंतर गौतमीचं काय, याचा कधी विचार केलाय का?"

सभागृहातल्या आया पुढं सरकून बसल्या. तो प्रश्न प्रत्येकीच्या घरात होता.

सारजाबाई खुर्चीचा आधार घेत उठली. "ताई, रोज करते," ती म्हणाली. "पण हा प्रश्न मलाच कावून इचारता? माझ्यानंतर मी नसंल. तुमी असताल, हे साहेब असतील, मुंबईतलं सरकार असंल. ज्यांनी मागं राहायचंय त्यांना इचारा." मग तिनं शेजारी बसलेल्या गौतमीकडं बोट केलं. "आन तिला बी इचारा की. ती हितंच बसलीय. कुणीच तिला काय इचारत न्हाई."

बाई गौतमीकडं वळल्या. गौतमीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती खुर्ची हातानं थोपटून म्हणाली, "ताई, बस."